लिव्हिंग विल कसं करायचं, आणि इच्छामरणाच्या वादात आपला कायदा नेमका कुठे आहे

इच्छामरणाचा विषय निघाला की घरात, ऑफिसात, ट्रेनमध्ये, कुठेही लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणणार एवढे हाल करण्यापेक्षा एक इंजेक्शन देऊन सोडवा त्या माणसाला, दुसरी म्हणणार जन्म-मृत्यू आपल्या हातात नाही, आणि तासभर वाद घालून सगळे आपापल्या घरी जातात. पण त्याच घरात ऐंशीच्या पुढची आजी असते, तिला उद्या धाप लागली आणि डॉक्टरांनी विचारलं की व्हेंटिलेटरवर घ्यायचं का, तर काय सांगायचं हे कोणीच ठरवलेलं नसतं, आजीला तर कोणी विचारलेलंच नसतं. माझं सरळ म्हणणं आहे की इंजेक्शनचा कायदा आपल्याकडे व्हायचा तेव्हा होईल किंवा होणारही नाही, पण आज कायद्याने जे करता येतं तेच आपण करत नाही, आणि शेवटच्या दिवसांतले बरेचसे हाल त्यामुळेच होतात. मी माझं आणि आईचं लिव्हिंग विल, म्हणजे शुद्ध गेल्यावर कुठले उपचार हवेत आणि कुठले नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, करून घेतलंय, नात्यातल्या काही जणांना करायला मदत केलीय, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते. मी वकील नाही, डॉक्टर पण नाही, त्यामुळे तुमच्या घरी काही गुंतागुंत असेल तर त्या दोघांशी बोलून घ्या.

आधी हे क्लिअर करून घ्या

पेशंटचा जीव जावा म्हणून डॉक्टरने इंजेक्शन देणं हा भारतात गुन्हा आहे, पेशंटने हात जोडून मागितलं तरी. डॉक्टरने औषध लिहून द्यायचं आणि पेशंटने ते स्वतःच्या हाताने घ्यायचं, परदेशात ज्याला असिस्टेड डाइंग म्हणतात, ते पण इथे चालत नाही, आत्महत्येला मदत केली म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम १०८ लागतं आणि दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि हे फक्त डॉक्टरला नाही, घरच्यांना पण लागू आहे.

चालतं काय, तर उपचार नाकारणं. माणूस शुद्धीवर आहे, सज्ञान आहे, त्याला कळतंय की काय होणार आहे, तर तो केमो नको म्हणू शकतो, डायलिसिस नको म्हणू शकतो, आयसीयूत नेऊ नका म्हणू शकतो, त्यासाठी ना कोर्ट लागतं ना मेडिकल बोर्ड. प्रश्न येतो तो शुद्ध गेल्यावर. तेव्हा बरं होण्याची आशा उरली नसेल तर व्हेंटिलेटरसारखे उपचार सुरू न करणं किंवा सुरू केलेले काढून घेणं आणि आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणं, याला सुप्रीम कोर्टाने मान्यता दिलीय. पेपरवाले याला निष्क्रिय इच्छामरण म्हणतात.

इथपर्यंत यायला आपल्याला फार मोठी किंमत द्यावी लागलीय. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलमध्येच हल्ला झाला, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि त्या पुढची जवळजवळ ४२ वर्षं त्याच हॉस्पिटलच्या एका खोलीत पडून होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सुप्रीम कोर्टात मागणी केली की आता त्यांना जाऊ द्या. केईएमच्या नर्सेस म्हणाल्या नाही, आम्ही सांभाळतोय, आम्हीच तिचं घर आहोत. आणि खरंच त्यांनी इतक्या वर्षांत त्यांना बेडसोर होऊ दिले नव्हते, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्याने सांभाळलंय त्यालाच कळेल ही केवढी गोष्ट आहे. ७ मार्च २०११ ला कोर्टाने अरुणाताईंसाठी परवानगी नाकारली पण त्याच निकालात निष्क्रिय इच्छामरणाचं दार उघडलं, हायकोर्टाच्या परवानगीची अट घालून. १८ मे २०१५ ला त्या न्यूमोनियाने गेल्या. दोन्ही बाजू त्यांच्या प्रेमाच्याच होत्या आणि अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं हे सांगणारा एक कागद पण नव्हता. माझ्यासाठी या सगळ्या वादातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे.

मग ९ मार्च २०१८ ला कॉमन कॉज या संस्थेच्या केसमध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की सन्मानाने मरणं हे राज्यघटनेच्या कलम २१ च्या जगण्याच्या हक्कातच येतं, आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. पण प्रोसिजर इतकी किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्याची सही वगैरे, की कोणी करेना. २४ जानेवारी २०२३ ला कोर्टाने ती बरीच सोपी केली. खाली जे लिहितेय ते या २०२३ च्या बदलांनंतरचं आहे, नेटवर जुनी माहिती अजून फिरतेय तेव्हा तारीख बघून वाचा.

बाहेर काय चाललंय आणि भांडण कशावरून आहे

अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये १९९७ पासून कायदा आहे, सहा महिन्यांपेक्षा जास्त आयुष्य नाही असं दोन डॉक्टरांनी सांगितलं की पेशंटला औषध मिळतं, घ्यायचं मात्र त्याने स्वतः. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी इथेही तसाच कायदा आलाय, तिथे आपली मराठी माणसं भरपूर आहेत आणि त्यांच्या आईवडिलांना तिकडच्या हॉस्पिटलात हा पर्याय कानावर पडतो, म्हणून सांगितलं. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून डॉक्टर स्वतः इंजेक्शन देऊ शकतो. स्वित्झर्लंडमध्ये स्वार्थ नसेल तर मदत करणं गुन्हा नाही, ते तर १९४२ पासून. कॅनडाने २०१६ ला सुरू केलं आणि २०२१ ला मरण जवळ असण्याची अटच काढून टाकली. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने २० जून २०२५ ला ३१४ विरुद्ध २९१ मतांनी बिल पास केलं, म्हणजे बघा किती थोड्या फरकाने, तिथेही समाज मधोमध फाटलेलाच आहे.

बाजूने बोलणारे म्हणतात की शरीर माझं, वेदना माझी, सहा आठवडे तडफडायचं की आज शांतपणे जायचं हे मी ठरवणार. व्हेंटिलेटर काढलेला चालतो मग औषध दिलेलं का नाही, दोन्हीकडे शेवट तोच आहे ना. शिवाय ज्याला कुठलं मशीन लागलेलंच नाही, उदाहरणार्थ घशाच्या कॅन्सरचा पेशंट घरी पडलाय, त्याने काय काढून घ्यायचं? हा प्रश्न खरा आहे आणि लिव्हिंग विलने तो सुटत नाही, हे मान्य करायलाच पाहिजे.

विरोधातले म्हणतात एकदा दार उघडलं की ते रुंदच होत जातं, आणि कॅनडाकडे बोट दाखवतात, तिथे अपंग लोकांच्या संघटना २०२१ च्या बदलाविरुद्ध उभ्या राहिल्यात कारण त्यांना वाटतं की सरकार आम्हाला जगायला मदत करण्यापेक्षा मरायला मदत पटकन करेल. धर्माचा मुद्दा आहेच. पण आपल्याकडे तो सरळसोट नाहीये, विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध दोन्ही थांबवून देह ठेवला, सावरकरांनी १९६६ मध्ये तसंच केलं, जैनांमध्ये संथारा आहे, म्हणजे व्रत म्हणून अन्न सोडून मरण स्वीकारणं, आणि त्यावर राजस्थान हायकोर्टाने २०१५ ला बंदी आणली तेव्हा सुप्रीम कोर्टाने महिनाभरातच तिला स्थगिती दिली. म्हणजे काम झालं, आता पुरे, असं म्हणून जाणाऱ्याला आपल्या समाजाने कधी वाईट म्हटलेलं नाही.

माझं मत विचाराल तर मला स्वतःला तो पर्याय हवा आहे. पण आज, आत्ता, इथे असा कायदा आणावा असं मी म्हणणार नाही. जिथे आयसीयूचं बिल भरायला बायकोचं मंगळसूत्र गहाण पडतं तिथे म्हातारा माणूस "मला सोडवा" म्हणतो तेव्हा तो वेदनेमुळे म्हणतोय की बिलामुळे, की सुनेच्या चेहऱ्यावर जे दिसतंय त्यामुळे, हे दोन डॉक्टर अर्ध्या तासात कसे ओळखणार? आणि म्हाताऱ्या बायका तर आयुष्यभर "माझं काय, माझं कशाला करताय" हेच म्हणत आलेल्या असतात. ज्याला मॉर्फिन मिळालंय, ज्याचं बिल सुटलंय आणि तरी जो म्हणतो मला जायचंय, त्याचं म्हणणं मी डोळे झाकून मानेन. तिथपर्यंत पोहोचायला अजून खूप काम आहे.

तर आता कामाचं.

पहिलं काम कागदाचं नाही, बोलण्याचं आहे

सगळ्यात अवघड भाग हाच, बाकी नोटरी वगैरे एका सकाळचं काम आहे. माझ्या मावशीच्या यजमानांना दुसरा स्ट्रोक आला तेव्हा ते आयसीयूत होते, नाकात राईल्स ट्यूब, म्हणजे अन्नाची नळी, आणि ती ओढून काढत होते म्हणून दोन्ही हात पांढऱ्या बँडेजने कॉटच्या दांडीला बांधलेले. मावशी रोज त्या गाठीखाली बोट घालून बघायची फार आवळलंय का. मुलगी इथे पुण्यात, दोन वर्षं तिनेच सगळं केलं होतं, ती म्हणत होती आता पुरे. मुलगा न्यू जर्सीहून आला आणि विमानतळावरून थेट हॉस्पिटलात येऊन म्हणाला सगळं करा, पैशाचा विचार करू नका. डॉक्टरांनी ट्रॅकिऑस्टॉमीचा, म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवण्याचा, फॉर्म मावशीच्या हातात दिला आणि ती कधी मुलाकडे बघायची कधी मुलीकडे. कोणीच वाईट नव्हतं हो तिथे. पण काका स्वतः ठणठणीत असताना दहा वेळा म्हणाले असतील की मला नळ्या लावून ठेवू नका, ते फक्त बोलणं राहिलं, कागदावर नव्हतं आणि मुलासमोर तर कधीच बोलले नव्हते. आज ती भावंडं एकमेकांशी बोलत नाहीत.

त्यामुळे बोलताना सगळे असू देत, जो लांब आहे तो व्हिडिओ कॉलवर तरी असू देच, कारण भांडण बहुतेक वेळा जो लांब असतो त्याच्याशीच होतं, त्याला आईवडील वर्षापूर्वी पाहिलेले तसेच आठवत असतात.

विषय काढायचा कसा? "आई तुझं लिव्हिंग विल करूया" असं थेट म्हटलंत तर ती म्हणेल मला मारायला निघालात का. मी आधी माझं केलं आणि मग तिला दाखवलं, की हे बघ मी काय लिहिलंय, तुला काय वाटतं. तुम्ही चाळिशीत असाल तर हाच उपाय सगळ्यात बेस्ट आहे, आणि गरज पण आहे, अ‍ॅक्सिडेंट काय म्हाताऱ्यांचेच होतात का. नाहीतर नात्यातलं कोणी आयसीयूत असतं तेव्हा बघून आल्यावर घरात आपोआप विषय निघतोच, "बाबा, तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हाला काय आवडेल" एवढंच विचारा आणि गप्प बसा, त्यांना बोलू द्या. सणाच्या दिवशी काढू नका, श्राद्धपक्षात तर अजिबात नको.

सासूबाईंचं असेल तर सुनेने पुढाकार घेऊ नये, मुलाने किंवा मुलीने बोलावं. असं व्हायला नको पण आपल्याकडे नंतर बोट कोणाकडे जातं ते सगळ्यांना माहितीय.

आणि एक फार महत्त्वाचं. बोलता बोलता कळलं की माणूस आजाराबद्दल नाही तर आत्ताच्या जगण्याबद्दल "नकोसं झालंय" म्हणतोय, झोप नाही, जेवण नाही, कोणाशी बोलणं नाही, तर कागद बाजूला ठेवा. ते डिप्रेशन असू शकतं आणि ते म्हातारपणीसुद्धा बरं होतं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर मराठीत बोलता येतं, मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. लिव्हिंग विल ही शांत डोक्याने करायची गोष्ट आहे.

कागदात काय लिहायचं

हे मृत्युपत्र नाही. मृत्युपत्र गेल्यावर चालू होतं आणि त्यात घर, दागिने, एफडी येतात, हे जिवंतपणी चालू होतं आणि यात फक्त उपचार. दोन्ही एका कागदात घालू नका, कारण हा कागद हॉस्पिटलभर फिरणार आहे.

वय १८ पूर्ण पाहिजे, डोकं ठिकाणावर पाहिजे, कोणाचा दबाव नको. डिमेन्शियाची सुरुवात कळली असेल तर एक दिवस पण थांबू नका, अजून समजतंय तोवर डॉक्टरांकडून तसं सर्टिफिकेट घ्या आणि करून टाका, नंतर करता येणार नाही.

भाषा कुठलीही चालते, मराठीत लिहा, पण उपचारांची नावं स्पष्ट लिहा. "मला उगाच जगवू नका" असं लिहून उपयोग नाही, निकालातच म्हटलंय की सूचना स्पष्ट पाहिजे, मोघम असेल तर डॉक्टर ती पाळणार नाहीत. अंदाज यावा म्हणून साधारण असं:

"मी पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देते की, मला बरा न होणारा शेवटच्या टप्प्याचा आजार असेल किंवा माझी शुद्ध परत येण्याची वाजवी आशा नसेल, आणि माझा निर्णय मला सांगता येत नसेल, तर मला व्हेंटिलेटर, सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते चालू करणे), डायलिसिस आणि ट्रॅकिऑस्टॉमी देऊ नये, दिली असल्यास काढून घ्यावी. नळीने अन्नपाणी देऊ नये. वेदना, धाप आणि बेचैनी कमी करणारे सगळे उपचार शेवटपर्यंत द्यावेत, त्याने गुंगी आली तरी चालेल. माझ्या वतीने संमती देण्याचा अधिकार मी पुढील दोन व्यक्तींना देते. याचे परिणाम मला समजले आहेत. हे मी कधीही रद्द करू शकते हे मला माहीत आहे."

यातल्या नळीच्या वाक्यावर थांबून विचार करा. व्हेंटिलेटर नको म्हणायला लोक तयार असतात पण अन्नाची नळी नको म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, उपाशी कसं ठेवायचं माणसाला. शेवटच्या दिवसांत शरीर स्वतःच अन्न मागणं बंद करतं हे पॅलिएटिव्हवाले, म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी त्रास कमी करणारे, डॉक्टर समजावून सांगतात, तरी मन मानत नाही. म्हणून हो असेल तर हो लिहा, नको असेल तर नको लिहा, पण मोकळं सोडू नका, नाहीतर तो निर्णय तुमच्या लेकीच्या डोक्यावर येणार. कोणाला ठरावीक दिवस ट्राय करून बघायचं असेल, म्हणजे व्हेंटिलेटर लावा पण दोन आठवड्यांत सुधारणा नाही तर काढा, तर तेही लिहिता येतं.

ज्यांची नावं टाकाल ते निर्णय घेणार नाहीत, तुमचा निर्णय पुढे नेणार. म्हणून सगळ्यात लाडका मुलगा नको, सगळ्यात खंबीर माणूस पाहिजे, जो डॉक्टरसमोर आणि चुलत्यांसमोर रडत रडत का होईना पण सांगेल की "तिला हे नको होतं." एकापेक्षा जास्त नावं देता येतात, निदान एक जण त्याच शहरातला असू द्या. त्यांना विचारल्याशिवाय नाव घालू नका.

सह्या आणि कॉपी

दोन साक्षीदार लागतात, कोर्टाने म्हटलंय की शक्यतो स्वतंत्र, म्हणजे तुमच्या जाण्यात ज्यांचा काही हिस्सा नाही असे, शेजारी चालतील, जुने सहकारी चालतील. त्यांच्यासमोर सही करायची आणि मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते साक्षांकित करून घ्यायचं, त्यांनी लिहायचं की हे स्वखुशीने, समजून केलंय याची खात्री पटली. निकालात स्टॅम्प पेपरची अट नाही, काही नोटरी मागतात, मग वाद घालत न बसता देऊन टाका. काही नोटरींनी हा प्रकार कधी पाहिलेलाच नसतो, २०२३ च्या निकालाची प्रिंट सोबत न्या, त्यात मार्क करून ठेवा.

कॉपी कोणाला द्यायच्या: ज्यांची नावं आहेत त्यांना, फॅमिली डॉक्टरला, आणि एक कॉपी स्थानिक संस्थेच्या कस्टोडियनला. कस्टोडियन म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने हे कागद सांभाळायला नेमलेला अधिकारी. हे बरेच दिवस नुसतं कागदावर होतं, मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी हायकोर्टात जनहित याचिका केली तेव्हा कुठे आपल्या राज्यात नेमणुका झाल्या. मुंबईत वॉर्ड ऑफिसमध्ये मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थकडे जायचं. बाकी ठिकाणी महापालिकेच्या आरोग्य विभागात किंवा पंचायतीत विचारा, पहिल्या टेबलावर माहीत नसलं तर परत येऊ नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गोव्यात हे काम चांगलं सुरू झालंय, ३१ मे २०२४ ला तिथल्या खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल करून सुरुवात करून दिली.

मूळ कागद लॉकरमध्ये ठेवू नका, लॉकरची चावी सापडेपर्यंत तुम्ही व्हेंटिलेटरवर असता. घरात मेडिकल फाइलच्या पहिल्या पानाला लावा, फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाका. मी शिवाय एक छोटा व्हिडिओ पण करून ठेवलाय, त्याला कायद्यात वेगळं वजन नाही पण लेकीला आईच्या तोंडून ऐकलं की बळ येतं.

प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा

हॉस्पिटलला कागद दाखवा, दाखल करतानाच दाखवा. ट्रीटमेंट देणारे डॉक्टर कस्टोडियनकडून किंवा डिजिटल रेकॉर्डवरून तो खरा आहे का बघतात. मग पहिलं मेडिकल बोर्ड बसतं, त्यात ते डॉक्टर आणि निदान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. त्यांचं मत झालं की दुसरं बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन वेगळे तज्ज्ञ. दोघांनी शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत सांगायचं असतं. मग तुम्ही नाव दिलेल्या माणसाची संमती, आणि मशीन काढण्याआधी हॉस्पिटल न्यायदंडाधिकाऱ्याला कळवतं, परवानगी मागायची नाही, फक्त कळवायचं. बोर्डाने नाही म्हटलं तर हायकोर्टात जाता येतं.

प्रॅक्टिकल अडचण ही की बऱ्याच हॉस्पिटलांत हे बोर्ड तयार नसतं आणि डॉक्टर घाबरतात, उद्या कोणी नातेवाईक पोलिसात गेला तर? त्यांची भीती पण समजून घ्या. "मेडिकल सुपरिंटेंडंटला भेटायचंय, बोर्डासाठी लेखी अर्ज द्यायचाय" असं शांतपणे सांगा. डॉक्टरला "काही होप आहे का" असं विचारू नका, होप नाही असं तोंडाने कोण म्हणणार. विचारा की हा उपचार यांना बरं करण्यासाठी आहे की फक्त दिवस वाढवण्यासाठी, आणि समजा सगळं नीट झालं तर हे माणूस घरी कुठल्या अवस्थेत येईल. या दोन प्रश्नांवर डॉक्टर खुर्ची ओढून बसतात आणि खरं बोलतात, माझा अनुभव आहे.

लक्षात घ्या, बरं होण्यासारख्या आजारात हा कागद लागूच होत नाही. डेंग्यू झाला, बायपास झाली, चार दिवस व्हेंटिलेटर लागला, तर तो लावणारच आणि लावलाच पाहिजे.

कागद केलेलाच नसेल तर

तरी मार्ग आहे. जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने तीच दोन बोर्डांची प्रोसिजर होते, फक्त घरात एकमत पाहिजे. शिवाय आयसीएमआरने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये सीपीआर न देण्याबद्दल गाइडलाइन्स काढल्यात, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून परत चालू करायचा प्रयत्न नको, हे डॉक्टरांशी बोलून आधीच फाइलवर लिहून घेता येतं. निदान हे तरी विचारा.

आपल्याकडे होतं काय, की लोक डामावर सही करून पेशंटला घरी आणतात, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. पैसे संपलेले असतात किंवा बघवत नाही. अ‍ॅम्ब्युलन्समधून आणतात, नळी काढतात आणि मग तो माणूस घरात श्वासासाठी तडफडतो आणि हाताशी एक गोळी पण नसते. घरी आणणं चुकीचं नाही, स्वतःच्या घरात, आपल्या माणसांत जावं असं कोणाला वाटत नाही? पण आणण्याआधी पॅलिएटिव्ह डॉक्टरला गाठा, धाप आणि वेदनेची औषधं लिहून घ्या, ती कशी द्यायची शिकून घ्या, रात्री कोणाला फोन करायचा ते ठरवा.

वेदनेचं काय

"मला मारून टाका" म्हणणाऱ्या बऱ्याच पेशंटना मरण नको असतं, दुखणं थांबायला हवं असतं. कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या आहेत, स्वस्त आहेत, २०१४ ला अमली पदार्थांच्या कायद्यात बदल करून त्या मिळणं सोपं केलंय, तरी जिल्ह्याच्या ठिकाणी मिळवताना जीव जातो. लोकांना वाटतं मॉर्फिन म्हणजे व्यसन किंवा शेवट जवळ आला, म्हणून घरचेच नको म्हणतात. योग्य डोस असेल तर तसं काही होत नाही, माणूस उठून बसतो, नातवाशी बोलतो.

मुंबईत टाटा मेमोरियलला पॅलिएटिव्हचा विभाग आहे, वांद्र्याला शांती अवेदना सदन आहे, १९८६ मध्ये सुरू झालेलं, आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या पेशंटना शेवटच्या काळात सांभाळणारी जागा, गोव्यात पण त्यांची शाखा आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर आहे, १९९७ पासून, कॅन्सरच्या पेशंटना तिथे पैसे लागत नाहीत आणि घरचं एक माणूस सोबत राहू शकतं. तिथे जायला शेवटचा आठवडा यायची वाट बघू नका, केमो चालू असताना पण जाता येतं. जवळपास काहीच नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या भूलतज्ज्ञांच्या विभागात पेन क्लिनिक आहे का विचारा.

मत बदललं तर

बदलता येतं, कितीही वेळा. फक्त ते लेखी पाहिजे आणि नवीन करताना साक्षीदार, नोटरी सगळं परत करावं लागतं. मोठं आजारपण निघालं, जोडीदार गेला, ज्याचं नाव घातलंय तो परदेशी गेला किंवा त्याच्याशी बिनसलं, की कागद काढून वाचा. माझ्या आईने अन्नाच्या नळीबद्दलचं म्हणणं वडील गेल्यावर बदललं, तिने ते जवळून पाहिलं होतं. दोन कागद समोर आले तर नंतरच्या तारखेचा धरतात, पण रात्री अडीच वाजता आयसीयूच्या दारात तारखा कोण बघत बसणार, म्हणून जुन्या कॉपी परत मागून फाडा, फोनमधला जुना फोटो डिलीट करायला सांगा, आणि नवीन कॉपी फॅमिली डॉक्टर आणि कस्टोडियन दोघांकडे त्याच आठवड्यात पोचवा.